भ्रूण सोडल्यानंतरची बीटा चाचणी: पहिला आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

अबोली

आयव्हीएफ उपचारात भ्रूण गर्भाशयात सोडल्यानंतर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी रक्तातील बीटा-एचसीजी या संप्रेरकाची जी तपासणी होते, तिला उपचार घेणारे आणि करणारे सगळेच नुसते 'बीटा' म्हणतात. मी पुण्यातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते आणि असे रिपोर्ट नेहमी माझ्या नजरेखालून जातात. रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जोडप्यांचा एकच प्रश्न असतो, 'म्हणजे आहे की नाही?' त्या कागदावरचा पहिला आकडा या प्रश्नाचे पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, आणि ही गोष्ट तपासणीच्या आधी शांतपणे समजावून सांगितली जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. आपले डॉक्टर जे सांगतील त्याला येथील चर्चा पर्याय नाही, हे सर्वांनी कृपया लक्षात ठेवावे.

एचसीजी हे संप्रेरक रुजू लागलेल्या भ्रूणाच्या बाह्य पेशी तयार करतात. याच पेशींपासून पुढे वार बनते. पाच दिवस वाढवलेले भ्रूण, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, सोडल्यानंतर ते आपल्या आवरणातून बाहेर येऊन गर्भाशयाच्या अस्तराला चिकटण्यात पुढचे एक ते तीन दिवस जातात आणि त्यानंतर एचसीजी थोड्या थोड्या प्रमाणात आईच्या रक्तात उतरू लागते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी केलेल्या लघवीच्या चाचणीत रेघ दिसली नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

उलट बाजूचा घोटाळा अधिक क्लेशदायक असतो. अंडपेशी काढण्याच्या सुमारे छत्तीस तास आधी त्या पक्व करण्यासाठी जे ट्रिगर इंजेक्शन दिले जाते, ते पुष्कळदा एचसीजीचेच असते. दहा हजार एककांचे इंजेक्शन शरीरातून पूर्ण निघून जायला चौदा दिवसांपर्यंत लागू शकतात. ताज्या चक्रात, म्हणजे भ्रूण न गोठवता, पाचव्या दिवशी सोडले, तर तोवर इंजेक्शनला सुमारे सातच दिवस झालेले असतात. म्हणजे ट्रान्सफरनंतर पाचव्या दिवशी घरी दिसलेली फिकट रेघ ही गर्भाची असू शकते तशीच इंजेक्शनच्या उरलेल्या अंशाचीही असू शकते, आणि पट्टीला त्यातला फरक कळत नाही. ज्यांना ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचे, म्हणजे एचसीजी नसलेले, ट्रिगर दिलेले असते त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. आपल्याला कोणते ट्रिगर दिले आणि त्यानंतर आधारासाठी पुन्हा एचसीजी दिले आहे का, हे फाइलमध्ये पाहून ठेवावे.

आता आकड्यांविषयी. बीटा पाच एमआययू प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर निकाल नकारात्मक धरतात, पंचवीसच्या वर असेल तर सकारात्मक, आणि या दोहोंच्या मधला भाग संदिग्ध. पंचवीसच्या वरचा आकडा आल्यावर घरात पेढे यावेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही त्या दिवशी निश्चित सांगता येते ते एवढेच की भ्रूणाने कुठेतरी रुजायला सुरुवात केली होती. ते गर्भाशयातच रुजले आहे का, वाढ चालू आहे का, की थांबून एचसीजी आता उतरणीला लागले आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर एका नमुन्यातून मिळत नाही. त्यासाठी अठ्ठेचाळीस तासांनी दुसरा नमुना लागतो.

'दर दोन दिवसांनी दुप्पट' हा ठोकताळा सर्वांना पाठ असतो आणि त्यानेच पुष्कळ जणी विनाकारण घाबरतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिला आकडा पंधराशेच्या आत असताना अठ्ठेचाळीस तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित आहे. पंधराशे ते तीन हजारांच्या दरम्यान ४० टक्के आणि त्यापुढे ३३ टक्के. म्हणजे शंभराचे दोनशे न होता एकशे साठ झाले, तरी ती वाढ स्वीकारार्ह मर्यादेत आहे. याहून कमी वाढ असेल तर शंका घ्यायला जागा असते, पण तेव्हाही निर्णय डॉक्टर एकट्या आकड्यावर घेत नाहीत.

यातून पुढे निघणाऱ्या वाटा अनेक आहेत: वाढ व्यवस्थित होऊन सोनोग्राफीत ठोके दिसणे, आकडा थोडा चढून सोनोग्राफीत काही दिसण्याआधीच उतरणे, ज्याला बायोकेमिकल गर्भधारणा म्हणतात, गर्भपिशवी दिसूनही आत गर्भ न वाढणे, ठोके दिसल्यानंतर पहिल्या तिमाहीत गर्भपात होणे, आणि गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजणे. ज्यांनी यांपैकी कोणतीही वाट पाहिली आहे, त्यांनी इथे लिहावे ही विनंती.

कृष्णाकाठ

अबोलीताई, मी सांगलीची. माझे गोठवलेल्या भ्रूणाचे ट्रान्सफर गेल्या आठवड्यात झाले. बीटाची तारीख अजून यायची आहे. काल पहाटे घरी पट्टी लावली तर दुसरी रेघ आहे की नाही हे खिडकीजवळ नेऊनही ठरवता येईना, आणि संध्याकाळी लावलेल्या पट्टीवर तर काहीच उमटले नाही. माझ्या जाऊबाई म्हणतात की नकारात्मकच आहे तर रोज त्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल आणि गोळ्या कशाला, शरीराला त्रास कशाला द्यायचा. त्यांच्या मनात काळजीच आहे, हे मला ठाऊक आहे. पण मला काल रात्रीपासून काही सुचत नाही. छाती जड वाटते आहे आणि ओटीपोटात पाळीसारखे दुखते आहे. ही लक्षणे कशाची समजायची?

अबोली

कृष्णाकाठ, सर्वांत आधी एकच सांगते: बीटाचा रिपोर्ट येऊन डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका. यामागचे कारण समजून घेतले तर जाऊबाईंनाही सांगता येईल. नैसर्गिक चक्रात अंडपेशी बाहेर पडल्यानंतर त्या जागी जी पीतपिंडाची गाठ उरते ती प्रोजेस्टेरॉन तयार करते, आणि गर्भ रुजल्यास वार सक्षम होईपर्यंत त्याला तीच सांभाळते. गोठवलेल्या भ्रूणासाठी अस्तर गोळ्यांनी तयार केले जाते, तेव्हा अंडपेशी बाहेरच पडलेली नसते, त्यामुळे ती गाठही नसते. अशा चक्रात शरीरातील बहुतेक सगळे प्रोजेस्टेरॉन औषधांतूनच येत असते. वार स्वतःचे संप्रेरक पुरेसे तयार करू लागते ते साधारण सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणूनच डॉक्टर ही औषधे पुढे दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंतही चालू ठेवतात. पट्टीच्या भरवशावर ती बंद केली आणि गर्भ रुजलेला असला, तर त्याचा आधार आपणच काढून घेतल्यासारखे होईल.

पट्टीविषयी: बाजारातील बहुतेक पट्ट्या लघवीत एचसीजी पंचवीसच्या आसपास असेल तेव्हा रेघ दाखवतात. सकाळची पहिली लघवी दाट असते, संध्याकाळची पाणी पिऊन पातळ झालेली असते, त्यामुळे एकाच दिवसातील दोन पट्ट्यांची तुलना करता येत नाही. पट्टीवर छापलेल्या वेळेनंतर ती वाळताना जी राखाडी, रंगहीन छटा उमटते तिचाही अर्थ लावू नये.

छाती जड होणे, पोटात ओढल्यासारखे वाटणे, मळमळ, झोप येणे ही सगळी लक्षणे प्रोजेस्टेरॉननेही होतात. ती असणे किंवा नसणे यावरून निकाल ओळखता येत नाही. पाळी न येणे हाही पुरावा धरू नये, कारण हे औषध चालू असताना गर्भ नसला तरी पाळी लांबते. थोडा रक्तस्राव दिसला तरी संपले असे मानू नये; रुजलेल्या गर्भातही असा स्राव पुष्कळदा होतो. केंद्राला कळवावे आणि बीटा ठरलेल्या दिवशी करावाच.

पिंपळपान

नलिकेत रुजलेल्या गर्भाविषयी मी लिहिते, कारण तो अनुभव मला आला आहे आणि त्याबद्दल फार थोडे उघडपणे बोलले जाते.

माझा पहिला बीटा शंभरीच्या किंचित आत होता. घरात आनंद झाला. दोन दिवसांनी तो सव्वाशेच्या आसपास आला. डॉक्टरांनी फोनवर अभिनंदन केले नाही आणि वाईट झाले असेही म्हटले नाही. त्यांनी सांगितले की वाढ अपेक्षेपेक्षा कमी आहे, आपण आणखी एकदा पाहू. पुढचे काही दिवस आकडा रडत-खडत वर जात राहिला. वाढतो आहे म्हणून आशा सोडवत नव्हती, आणि हवा तसा वाढत नाही म्हणून रात्री झोप येत नव्हती. त्या काळात सगळ्यात जास्त आधार मला डॉक्टरांच्या एका वाक्याचा वाटला. ते म्हणाले होते की आत्ता आपल्याला गर्भ कुठे आहे हे माहीत नाही, ते कळेपर्यंत मी तुम्हाला खोटी आशाही देणार नाही आणि घाईने औषधही देणार नाही. शेवटी सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे आणि डाव्या नलिकेत गाठ दिसली.

पुष्कळांना वाटते की आयव्हीएफमध्ये भ्रूण थेट गर्भाशयात सोडतात, तर ते नलिकेत जाईल कसे? पण सोडलेले भ्रूण लगेच चिकटत नाही. त्या एक-दोन दिवसांत गर्भाशयाच्या हालचालींमुळे ते नलिकेकडे सरकू शकते, आणि नलिका आधीच खराब असेल तर तिथेच अडकते. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयरोगाने नलिका खराब झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि नलिका खराब म्हणूनच त्या आयव्हीएफकडे येतात. हे या उपचाराच्या आरंभापासून घडत आले आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट-ट्यूब बाळ जन्मले हे सर्वांना माहीत आहे. परंतु ते घडवून आणणाऱ्या स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांनीच १९७६ मध्ये याच पद्धतीने घडवून आणलेली गर्भधारणा प्रसिद्ध केली होती, आणि ती नलिकेतील होती. मला हे नंतर वाचताना कळले आणि आपल्या शरीराने काहीतरी अघटित केले आहे ही भावना पुष्कळ कमी झाली.

माझी नलिका फुटली नव्हती, म्हणून मेथोट्रेक्सेटचे, म्हणजे गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन देता आले. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी बीटा करतात आणि या दोन आकड्यांमध्ये किमान १५ टक्के घट झाली आहे का ते पाहतात. झाल्यास आकडा शून्याजवळ येईपर्यंत दर आठवड्याला तपासणी चालू राहते. या काळात फॉलिक अ‍ॅसिड बंद ठेवावे लागते, कारण ते या औषधाच्या विरुद्ध काम करते, आणि पुढच्या गर्भधारणेसाठी किमान तीन महिने थांबायला सांगतात.

सर्व मैत्रिणींना हात जोडून सांगते: बीटा सकारात्मक आल्यापासून सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयात दिसेपर्यंत, ओटीपोटात एका बाजूला वाढत जाणारे दुखणे, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर, घेरी, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालयात जा आणि दारातच सांगा की आयव्हीएफ झाले आहे व बीटा सकारात्मक आहे. नलिका काढून टाकलेल्या आहेत म्हणूनही निश्चिंत राहू नका. नलिकेचा जो भाग गर्भाशयाच्या भिंतीत उरतो, तिथेही क्वचित गर्भ रुजतो. आणि रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन हवे का, हे आवर्जून विचारा.

टेम्सतीर

पिंपळपान, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

मी लंडनजवळ राहते. इथे पुष्कळ केंद्रांत रक्ताची बीटा तपासणी नेहमीची नसते. ट्रान्सफरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी घरीच लघवीची चाचणी करून निकाल फोनने कळवायला सांगतात, आणि सकारात्मक असल्यास सहाव्या-सातव्या आठवड्यात थेट सोनोग्राफी होते. पुण्यात माझ्या बहिणीचे उपचार चालू असताना तिचे दर दोन दिवसांचे आकडे ऐकून मला आधी हेवा वाटे की तिच्याकडे निदान काही माहिती आहे. नंतर माझ्या लक्षात आले की तिची प्रत्येक रात्र पुढच्या आकड्यावर टांगलेली असते. दोन्ही पद्धतींत मधले तीन आठवडे अनिश्चितच असतात.

मात्र इथे एक सोय फार चांगली आहे. रुग्णालयांत सुरुवातीच्या गर्भारपणासाठी स्वतंत्र विभाग असतो. दुखणे वा रक्तस्राव झाल्यास स्त्रीला तिथे पाठवतात, आणि प्रसूतीच्या आनंदी गर्दीत बसून वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडील केंद्रांनी बीटाच्या दिवसासाठी निदान एक वेगळी खोली आणि एक समुपदेशक ठेवावा असे मला कळकळीने वाटते. भारताच्या २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात जोडप्याला यशाची शक्यता, धोके आणि परिणाम यांविषयी समुपदेशन देणे ही केंद्राची जबाबदारी मानलेली आहे. ते समुपदेशन पैसे भरण्याच्या दिवशी उरकले जाऊ नये. रिपोर्टच्या दिवशी त्याची खरी गरज असते.

सह्यकडा

मी पतीच्या बाजूने विचारतो आहे. आमचा बीटा चौदाव्या दिवशी नऊशेच्या वर आला. नात्यातील एकाने लगेच सांगितले की इतका आकडा म्हणजे जुळेच. दोन भ्रूणे सोडली होती, त्यामुळे पत्नी त्या विचाराने आनंदीही आहे आणि धास्तावलेलीही. दुसरे असे की रिपोर्टनंतर डॉक्टर म्हणाल्या, 'पावणेपाच आठवडे झाले.' भ्रूण सोडून दोनच आठवडे झालेले असताना हा हिशेब कसा, ते विचारायचे राहून गेले. सोनोग्राफीची तारीख दिली आहे, ती खूपच लांबची वाटते. आधी करून घेतली तर काही नुकसान आहे का?

अबोली

सह्यकडा, अभिनंदन, आणि तुम्ही स्वतः हे प्रश्न घेऊन आलात याचे विशेष बरे वाटले.

गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची जुनी रीत आहे. आयव्हीएफमध्ये ती पाळी हिशेबाने ठरवतात: पाचव्या दिवसाचे भ्रूण असेल तर ट्रान्सफरच्या तारखेतून एकोणीस दिवस मागे जायचे, तिसऱ्या दिवसाचे असेल तर सतरा. म्हणून ट्रान्सफरनंतर चौदाव्या दिवशी १९ अधिक १४ असे ३३ दिवस होतात, म्हणजे चार आठवडे आणि पाच दिवस. प्रसूतीची अपेक्षित तारीख काढायची तर पाचव्या दिवसाच्या भ्रूणाच्या ट्रान्सफरमध्ये २६१ दिवस मिळवावेत.

जुळ्यांमध्ये एचसीजी सरासरीने अधिक असते हे खरे, पण एका गर्भाच्या आणि दोन गर्भांच्या आकड्यांच्या मर्यादा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आहेत की कोणत्याही एका आकड्यावरून जुळे ठरवता येत नाही. कधी दोन रुजतात आणि पुढे एकाची वाढ आपोआप थांबते; त्याउलट एकच भ्रूण सोडलेले असताना ते विभागून जुळे होण्याचेही प्रसंग असतात. क्वचित एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा नलिकेत असेही घडते. नैसर्गिक गर्भधारणेत हे फारच दुर्मीळ आहे, पण एकाहून अधिक भ्रूणे सोडल्यावर तितके दुर्मीळ राहत नाही, त्यामुळे गर्भाशयात पिशवी दिसली तरी सोनोग्राफी करणारे दोन्ही बाजूंच्या नलिका पाहतात. त्यांना त्यासाठी वेळ लागला तर घाबरू नका.

सोनोग्राफी लवकर करण्याने गर्भाला इजा होत नाही. नुकसान होते ते तुमच्या मनःशांतीचे. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भपिशवी दिसते, साडेपाचच्या आसपास तिच्यात पीतक पिशवी, म्हणजे गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी, आणि सहा ते साडेसहा आठवड्यांदरम्यान गर्भ आणि त्याचे ठोके. पाचव्या आठवड्यात गेलात तर नुसती पिशवी दिसेल आणि 'ठोके दिसले नाहीत' हे वाक्य घेऊन घरी याल, जे त्या दिवशी पूर्णपणे अपेक्षित असते. आकडा आणि चित्र यांचा मेळ घालतानाही घाई करत नाहीत. पूर्वी बीटा पंधराशे ते दोन हजार झाला की पिशवी दिसलीच पाहिजे असे धरत, पण आता ती मर्यादा सावधगिरीने साडेतीन हजारांपर्यंत धरण्याची शिफारस आहे, जेणेकरून चांगला गर्भ चुकून नाकारला जाऊ नये.

हीच सावधगिरी पुढेही लागू होते. गर्भाची लांबी सात मिलिमीटर झाली असून ठोके नसतील, किंवा पिशवीचा सरासरी व्यास पंचवीस मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तरच वाढ थांबली असे निश्चित म्हणता येते. हे निकष २०१३ मध्ये तज्ज्ञांनी मुद्दाम कडक केले. त्याहून लहान मापांत पुन्हा तपासणीसाठी थांबावे लागते. पहिल्या सोनोग्राफीत नुसती पिशवी दिसली असेल तर दोन आठवडे, आणि पीतक पिशवीही दिसली असेल तर अकरा दिवस. आयव्हीएफमध्ये तारीख नेमकी माहीत असल्यामुळे डॉक्टरांना अंदाज लवकर येतो, तरीही औषध देऊन गर्भाशय रिकामे करण्याचा निर्णय या निकषांवरच व्हावा असे माझे ठाम मत आहे. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाकडून सोनोग्राफी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणखी एक, ताजे ट्रान्सफर झाले असेल तर: बीटा सकारात्मक आल्यावर शरीरातच एचसीजी वाढू लागते आणि त्याने अंडाशये पुन्हा सुजू शकतात. पोट फुगणे, एकदोन दिवसांत वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे असे काही दिसले तर ते 'गर्भारपणाचे असेल' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी कळवा.

डोंबिवलीची_आजी

माझी सून या उपचारातून गेली, म्हणून मी हे सगळे लक्षपूर्वक वाचले. घरातील मोठ्यांसाठी दोन शब्द लिहावेसे वाटतात. परळच्या केईएम रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली टेस्ट-ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा आमच्या चाळीत आठवडाभर तोच विषय होता. आमच्या पिढीला त्यामुळे असे वाटत राहिले की हा उपचार केला म्हणजे मूल होतेच. तसे नाही. स्वतःच्या अंडपेशींनी केलेल्या एका ट्रान्सफरमागे गर्भ न राहण्याची शक्यताच बहुतेक वयांत अधिक असते, हे आम्हाला सुनेच्या डॉक्टरांनी बसवून सांगितले आणि त्याचा फार उपयोग झाला.

त्यांनीच असेही सांगितले की दिवसरात्र पडून राहिल्याने भ्रूण रुजण्याची शक्यता वाढत नाही. तिला जिना उतरू न देणारी मीच होते; ते ऐकल्यावर ती रोजचे हलके काम आणि फिरणे करू लागली आणि तिचा चेहरा उजळला. पुढे गर्भ टिकला नाही तर 'तू त्या दिवशी बाहेर गेलीस' किंवा 'पपई खाल्लीस' असे कोणी म्हणू नये. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, आणि तो भ्रूण सोडण्याच्या आधीच ठरलेला असतो. फोन करून 'काय झाले बीटाचे' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी स्वतः उत्तर देत असे. सासूने एवढे काम अंगावर घ्यावे.

रातराणी

सकारात्मक निकालाच्या पुढच्या वाटांवर पुष्कळ लिहिले गेले. नकारात्मक निकालानंतरच्या दिवसाविषयी मी लिहिते.

आकडा पाचच्या आत आला, की डॉक्टर प्रोजेस्टेरॉन थांबवायला सांगतात आणि साधारण आठवडाभरात पाळी येते. ती नेहमीपेक्षा जास्त जाण्याची शक्यता असते, कारण औषधांनी अस्तर जाड केलेले असते. त्या दिवशी केंद्रातून फोनवर लगेच पुढच्या चक्राचे बोलणे निघाले, तर 'मी नंतर बोलते' असे म्हणण्यात काहीही गैर नाही. गोठवलेली भ्रूणे आहेत तशी राहतात, काही आठवड्यांनी त्यांच्यात फरक पडत नाही. मी मात्र नंतर ठरवून भेट घेतली आणि लिहून नेलेले प्रश्न विचारले: भ्रूणाचा दर्जा काय होता, अस्तर किती होते, भ्रूण सोडताना काही अडचण आली का, पुढच्या वेळी आपण काय वेगळे करणार आणि ते कशाच्या आधारावर. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अपयशानंतर महागड्या जादा तपासण्या आणि इंजेक्शने सुचवली जातात आणि दुःखात माणूस कशालाही हो म्हणतो.

ज्यांचा आकडा आधी चढला आणि मग उतरला त्यांना लोक 'तसे काही नव्हतेच' असे समजावतात. माझा आकडा एका चक्रात असा उतरला होता आणि त्या काही दिवसांत मी आई होणार होते. त्याचे दुःख करायला सोनोग्राफीच्या चित्राची गरज नसते. वैद्यकीयदृष्ट्या एवढे मात्र करावे, की असा उतरणारा आकडा पाचच्या आत येईपर्यंत तपासत राहावे. मध्येच रेंगाळला तर पिंपळपान यांनी लिहिलेली शक्यता डॉक्टरांना पाहावी लागते.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. औषधे बंद केली नाहीत. जाऊबाईंना अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि त्या स्वतः माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आल्या. आज बीटा ६८ आला आहे. डॉक्टरांनी अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा करायला सांगितले आहे, पण त्या दिवशी रविवार आहे आणि आमची प्रयोगशाळा बंद असते. स्टेशनजवळची दुसरी चालू असते. तिथे करू का? उपाशीपोटी जावे लागते का? आणि मी केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते, त्या चालू ठेवल्या तर चालतील का?

अबोली

कृष्णाकाठ, ६८ हा स्पष्ट सकारात्मक आकडा आहे. दुसरा नमुना शक्यतो त्याच प्रयोगशाळेत द्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येऊ शकतात, आणि मग वाढ कमी झाली की यंत्र बदलले हे कळत नाही. डॉक्टरांना विचारून सोमवारी, म्हणजे बहात्तर तासांनी केलात तरी हिशेब करता येतो: अठ्ठेचाळीस तासांत किमान अपेक्षित आकडा सुमारे १०१, बहात्तर तासांत सुमारे १२४. दोन्ही नमुन्यांच्या वेळा कागदावर लिहून ठेवा. पोटात काही दुखत असेल तर मात्र सोमवारपर्यंत थांबू नका, रविवारीच दुसऱ्या प्रयोगशाळेत करा आणि डॉक्टरांना तसे सांगा.

उपाशी राहण्याची गरज नाही. बायोटिनविषयी विचारलेत हे फार चांगले केले, कारण केसांच्या गोळ्यांतील मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर बीटाचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. आजपासूनच थांबवा, आणि सोमवारी नमुना देताना शेवटची गोळी कधी घेतली ते तिथल्या तंत्रज्ञांना सांगा. आजच्या नमुन्याच्या वेळी ती चालू होती हेही डॉक्टरांना कळवा. प्रोजेस्टेरॉन आणि फॉलिक अ‍ॅसिड मात्र नेहमीच्या वेळेलाच चालू ठेवा.